पांढरी पाचच्या केसभर वर

मिरज जंक्शन आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर. लहानपणी गाड्यांचा आवाज मला कधी ऐकूच आला नाही. येत असणारच, पण कान त्यातच वाढलेले, त्यामुळे वेगळा असा जाणवला नाही. 2018 साली मुंबईचं काम सोडून परत आले, घरामागच्या धान्याच्या कोठीत स्टुडिओ करायचं ठरवलं आणि पहिल्याच रात्री त्या रिकाम्या खोलीत माइक लावून दहा मिनिटं रेकॉर्ड केली. हेडफोन लावून ऐकायला बसले तर शंटिंगच्या इंजिनाची घरघर, शेजारच्यांच्या बोअरची मोटर, लांबच्या दवाखान्याचा जनरेटर, पत्र्यावरून चालत गेलेलं मांजर. सगळं गाव त्या दहा मिनिटांत येऊन बसलं होतं. दुसऱ्याचा आवाज घ्यायचा तर आधी शांत खोली लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती.

लहान गावात स्टुडिओ चालतो का, असं आसपासची मुलं-मुली मला नेहमी विचारतात. दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून जे झालं ते सलग लिहून काढते.

या कामाची ओढ लागली ती उरुसात. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेले आणि याच दर्ग्यात त्यांची कबर आहे. आमच्या घरातलं कुणी गाणारं नाही, पण उरुसाचं गाणं चुकवायचं नाही ही आजोबांची शिस्त. सगळे गवयाकडे बघत बसायचे आणि मी साउंडवाल्या मामांच्या शेजारी, अहुजाच्या अँप्लिफायरजवळ. गवयानं नुसती मान वळवली तरी मामांचा हात बटणावर जायचा. आवाज वर-खाली झालेला समोर कुणाला कळायचाही नाही. ते मला फार मोठं वाटायचं. अजूनही वाटतं.

सांगलीला इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी केलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची ध्वनिविभागाची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. मग एक वर्षाचा खाजगी कोर्स केला आणि 2009 मध्ये अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत असिस्टंट म्हणून लागले. पगार आठ हजार. पहिले तीन महिने काम एकच, केबली गुंडाळणं. एक वेढा सुलटा, एक उलटा. सगळे वेढे एकाच बाजूनं घेतले तर केबलला पीळ बसतो आणि आतली तार तुटते, शिवाय पुढच्या वेळी सोडताना गाठी पडतात. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनाही मी पहिल्यांदा तेच करायला लावते. ज्याच्या हाताला केबल नीट गुंडाळता येते, त्याचा हात माइकलाही नीट लागतो, असं माझं मत आहे.

मुंबईत नऊ वर्षं काढली. काम भरपूर शिकले. वाक्य मधूनच परत घेताना मागच्या वाक्याला सांधा दिसू न देणं, श्वास कुठे कापायचा आणि कुठे अजिबात कापायचा नाही, आठ तासांची शिफ्ट संपता संपता थकलेला आवाज सकाळच्या आवाजाशी कसा जुळवायचा, हे सगळं तिथलं. एका जागी तीन महिन्यांचे पैसे बुडाले, ते अजून आलेले नाहीत. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. सांगली-कोल्हापूरकडची चांगली चांगली माणसं डबिंगला यायची आणि काचेच्या अलीकडून त्यांना सांगितलं जायचं की तो गावाकडचा हेल काढा. माझ्याच घरातला हेल मी वर्षानुवर्षं एडिट करून काढत होते. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून घरी आले आणि मग परत गेलेच नाही.

जवळ साडेचार लाख होते, वडिलांनी दोन दिले. या साडेसहा लाखांतले जवळजवळ अडीच मी खोलीवर घातले. यावर ओळखीतल्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. माइक महागातला घ्यायचा आणि भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायचे, ही आपल्याकडची रीत. अंड्यांच्या ट्रेनं बाहेरचा आवाज काडीचाही थांबत नाही. आवाज थांबवायला वजन लागतं, आणि कागदाच्या ट्रेला वजन कुठलं? खोलीतल्या खोलीत वरचे, टोकदार आवाज तेवढे थोडे मऊ होतात, खालचे जसेच्या तसे राहतात. मग आवाज पेटीत कोंडल्यासारखा येतो.

वजन आमच्या कोठीला होतं. आजोबांच्या वडिलांनी बांधलेल्या दीड फुटी दगडी भिंती. खिडकी वीट लावून बुजवली, दाराच्या आत चार इंच सोडून दुसरं दार बसवलं, पत्र्याखाली जाड माळा घातला. इंजिनाची घरघर पूर्ण गेली नाही, पण सोळा आण्यांतली दोन आणे उरली.

आतला प्रश्न त्याहून अवघड. खोली 14 बाय 12, उंची 10 फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींत जो सूर नेमका बसतो तो फुगतो. चौदा फुटांत साधारण 40 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 40 कंपनं, बारा फुटांत 47, दहा फुटांत 56. तीनही एकमेकांच्या शेजारी. मित्राला पखवाज घेऊन बसवला तर डाव्या अंगाची धूम एका जागी छातीवर यायची आणि दोन पावलं मागे सरकलं की नाहीशी व्हायची. मधोमध टाळी वाजवली की भिंतींतून टर्रर्र असा तुटक प्रतिसाद यायचा.

सुताराला लाकडी चौकटी करायला सांगितल्या. आत रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची गादी, घनमीटरला 48 किलोची, दोन-दोन इंचांचे दोन थर, वर मांजरपाट. चौकट भिंतीला टेकवायची नाही, मागे चार इंच मोकळं सोडायचं, असं सांगितल्यावर तो थांबला. म्हणाला, "ताई, जागा फुकट जातीया की." त्याला तळ्याचं उदाहरण दिलं. लाट काठाला आपटते तिथं पाणी नुसतं वर-खाली होतं, पुढं-मागं जोरात सरकतं ते काठापासून आत. हवेचंही तसंच, अगदी भिंतीला लागून ती हलतच नाही. हलणाऱ्या हवेच्या वाटेत रॉकवूल ठेवलं तर ते तिला अडवणार. त्याला पटलं. नंतर कोपऱ्यांतल्या जाड चौकटी त्यानं स्वतःहून भिंतीपासून सोडून बसवल्या. कोपऱ्यांत खालचे सूर सगळ्यात जास्त साठतात, त्यामुळे तिथं जमिनीपासून छतापर्यंत भरलं. बोलणाऱ्याच्या मागे टांगायला आजीच्या दोन वाकळी आहेत. जुन्या लुगड्यांच्या, सात-आठ पदरी. मुंबईत याच कामाला विकत आणलेली ब्लँकेटं असायची. माझ्या वाकळी त्यांच्याहून चांगलं काम करतात.

यंत्रं साधीच घेतली. माइक लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनलचा इंटरफेस, माइकांत रोडचे दोन एनटी5, एक शुअर एसएम58, एक एसएम57, यामाहाचे स्पीकर, आणि रीपर हे सॉफ्टवेअर. मोठ्या पडद्याचा माइक दोन वर्षांनी आला.

2019 च्या गुढीपाडव्याला दार उघडलं. तासाला पाचशे रुपये. पहिल्या चार महिन्यांत आलेली कामं सांगते: दोन वाढदिवसाची गाणी, एका क्लासची जाहिरात, शाळेच्या गॅदरिंगसाठी नाचाची गाणी कापून जोडणं, आणि रिक्षावरून फिरवायच्या घोषणा. हे काम कमी दर्जाचं मानू नये. रिक्षाच्या कर्ण्यातून खालचा आवाज येतच नाही आणि अगदी वरचाही येत नाही. स्टुडिओच्या स्पीकरवर भारदस्त वाटणारी घोषणा चौकात गेली की नुसता गलका होतो. मी अंगणात एक जुना कर्णा टांगला. प्रत्येक घोषणा त्यावर लावून, रस्त्याच्या पलीकडे जाऊन ऐकते. शब्द कळला तरच फाइल देते. आमच्याकडची घोषणा कळते, एवढ्या एका गोष्टीवर आजूबाजूच्या गावांतून लोक येऊ लागले.

त्याच पावसाळ्यात जवळच्या खेड्यातलं महिलांचं भजनी मंडळ आलं. बाराजणी, एक पेटी, एक मृदंग आणि टाळ. त्यांना आषाढीच्या आधी सहा अभंग रेकॉर्ड करून हवे होते. मी मुंबईच्या पद्धतीनं सुरुवात केली. आधी मृदंग, मग पेटी, मग एकेकीला हेडफोन लावून गाणं. दोन तास गेले आणि एक कडवं धड झालं नाही. पुढं गाणाऱ्या मावशी हेडफोन काढून म्हणाल्या, "अगं, कान बांधल्यावर गायचं कसं? मला हिचा श्वास ऐकू येईना, मग मी उचलायचं कुठनं?"

शेवटचा शब्द उचलायचा तो पुढच्या बाईच्या श्वासावर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि लय धरायला हेडफोनमध्ये क्लिकची टिकटिक लावली होती ती तर सरळ चूक. भजनात लय चढते. पहिल्या चरणाची लय आणि शेवटच्या गजराची लय एक असूच शकत नाही. ती चढणं हेच भजन. तिला मी टिकटिकीला बांधायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊनंतर आम्ही त्यांच्या गावातल्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात बसलो. लॅपटॉप, इंटरफेस, दोन एनटी5. अडचण टाळांची होती. टाळाचा आवाज इतका तीक्ष्ण आणि अचानक येतो की बाकी सगळं त्याच्यामागे जातं, आणि मिक्समध्ये तो खाली करता येत नाही, कारण तो प्रत्येक माइकमध्ये घुसलेला असतो. त्यावर उपाय जागेचाच. एनटी5 समोरचं ऐकतो, पाठीमागचं फार थोडं. दोन्ही माइक गाणाऱ्यांकडे तोंड करून लावले आणि टाळकरी बायकांना माइकांच्या पाठीमागे, खांबापलीकडे बसवलं. मृदंग डावीकडे, पेटी उजवीकडे थोडी मागे. पुढं गाणाऱ्या मावशींना इतरांपेक्षा एक हात पुढे घेतलं. सगळ्यांना सगळ्या दिसत होत्या. एकदा घेतलं, ऐकलं, मृदंग दीड फूट मागे सरकवला, परत घेतलं. वीज मध्येच गेली, पण लॅपटॉप चार्ज होता आणि इंटरफेसला त्याच्यावरूनच वीज मिळत होती, त्यामुळे काम थांबलं नाही. समईच्या उजेडात उरलेले चार अभंग झाले. पहाटे दोनला घरी आले.

ती रेकॉर्डिंग माझ्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगपेक्षा स्वच्छ होती. दोन अभंगांच्या मधली शांतता काळीभोर होती, तळाला काहीच नाही. मला वाटलं दगडी मंडप, रात्रीची वेळ, गावात गाड्या नाहीत. तेवढ्यावर समाधान मानून मी पुढं गेले. तिथंच थांबून विचार करायला हवा होता.

मग लॉकडाऊन आलं, त्यात सहा महिने दार बंद. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं झालं तेच.

2020 च्या दिवाळीनंतर सतारमेकर गल्लीतले एक चाचा आले. मिरजेची तंतुवाद्यं सगळ्यांना माहीत आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे वाळवून, कापून, त्यांवर दांडी चढवून इथं दीडशेहून जास्त वर्षं तंबोरे आणि सतारी होत आहेत. चाचांच्या हातची ती कितवी पिढी कोण जाणे. त्यांचा लंडनला जाणारा एक तंबोरा तयार होता. घेणाऱ्या बाई मराठीच, पण या वर्षी त्यांना येता येत नव्हतं आणि फोनवर ऐकून त्या म्हणत होत्या की आवाज येत नाही, मध्येच विरतो. चाचांना ते फार लागलं होतं. "पन्नास वर्षं झाली, माझा तंबोरा विरतोय असं कुणी म्हटलं नाही."

दोष तंबोऱ्याचा नव्हता. फोन आपल्या बोलण्यासाठी केलेला आहे. जो आवाज सतत, एकसारखा येतो त्याला तो पंख्याचा किंवा रस्त्याचा आवाज समजून दाबून टाकतो. आणि तंबोरा म्हणजे तर सतत, एकसारखा. शिवाय फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज, तंबोऱ्याचा सगळ्यात खालचा सूर, येणार कुठून? मी म्हटलं, चाचा, इथं रेकॉर्ड करू, मोठी फाइल पाठवू, त्यांना चांगल्या हेडफोनवर ऐकायला सांगू.

तंबोरा बाईच्या गळ्याचा, पांढरी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला लावलेला. चाचांनी बसून आधी जवारी बघितली, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यावर त्या कशा बसल्यात ते. घोडीचा माथा सपाट नसतो, बघूनही कळणार नाही इतका उतार त्याला असतो आणि तार त्या उतारावर थरथरत लागत-सुटत राहते. म्हणून तो आवाज नुसता टणत्कार न राहता उमलतो. चाचांनी प्रत्येक तारेखाली दोरा सरकवला. एक तार छेडायची, दोरा सुताएवढा पुढं, पुन्हा छेडायची, आणि एका क्षणी तार उघडायची. पाऊण तास ते चाललं होतं. मी एक माइक घोडीपासून दीड फुटावर ठेवला आणि दुसरा वर, दांडीच्या बाजूला, गाणाऱ्याचा कान जिथं येतो तिथं. समोर बसणाऱ्याला ऐकू येणारा तंबोरा आणि गाणाऱ्याला ऐकू येणारा तंबोरा वेगळे असतात, आणि त्या बाईंना दुसरा ऐकायचा होता.

पाच मिनिटं घेतली. स्पीकरवर लावली. चाचा डोळे मिटून बसले. अर्ध्या मिनिटात त्यांनी हात वर केला.

"बेटी, ह्यात अजून कुणीतरी वाजतंय."

मी म्हटलं कुणी नाही, खोलीत आपण दोघंच होतो.

"आहे. पाचच्या केसभर वर लागलेला आहे. खर्ज सोडला की बघ, शेवटाला आवाज हलतोय. एका सेकंदात दोनदा. माझी तार हलत नाही. मी लावलेली आहे ती."

मी परत लावलं. खर्जाची तार छेडल्यावर आवाज उमलत गेला आणि विरताना, अगदी शेवटच्या टप्प्यावर, खरोखर तो मंद डुलत होता. वर, खाली, वर, खाली. एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या सुरांचा आलेख, उघडला. 98 हर्ट्झवर खर्जाचा ठळक कळस, आणि त्याला लगटून 100 वर एक बारीकशी काडी. दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्यातल्या फरकाइतके हेलकावे ऐकू येतात. शंभर वजा अठ्ठ्याण्णव, सेकंदाला दोन. चाचांनी जे कानानं सांगितलं ते पडद्यावर आकड्यात उभं होतं. 50 वर, 150 वर, 200 वर तशाच काड्या.

आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा फिरते. तिची गुणगुण 50, 100, 150 अशीच येते. म्हणजे माझ्या स्टुडिओत वीज वाजत होती, आणि दार उघडल्यापासून वाजत होती. मी बोलण्याच्या रेकॉर्डिंगला खालचे सूर कापत होते, शब्दांच्या मधली जागा सॉफ्टवेअरनं बंद करत होते, त्यामुळे मला ती कधी ऐकू आली नाही. नऊ वर्षं मुंबईत काम केलेली मी, पन्नास वर्षं तारा लावलेल्या माणसासमोर बसून माझं मलाच कळत होतं की मी ऐकायचं सोडून पडद्याकडे बघत राहिले होते.

तेवढा 100 चा सूर कापून टाकता येईल का, हे मी करून पाहिलं. माणसाच्या बोलण्यात ते खपतं. इथं 98 शेजारीच उभा. 100 कापायला गेलं की खर्जाचीच कड जायची आणि तंबोरा पोकळ व्हायचा.

आणि मग सभामंडप आठवला. तिथं तळ काळाभोर का होता? कारण रात्रीची वेळ किंवा दगड नव्हे. तिथं सगळं बॅटरीवर होतं. भिंतीतली वीज माझ्या यंत्रांना शिवलीच नव्हती. लॅपटॉपचा चार्जर काढला, स्पीकर बंद केले, हेडफोनवर पुन्हा एक मिनिट रिकामी खोली घेतली. काड्या जवळजवळ गेल्या.

वायरमनला बोलावलं. त्यानं मीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब बघितला, तर नऊ व्होल्ट. अर्थिंग नावालाच होतं. माझ्या लहानपणी अंगणात पुरलेला पाइप गंजून गेलेला. स्टुडिओतल्या दोन प्लगांच्या तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नव्हती, आणि स्पीकर एका बोर्डावर, कॉम्प्युटर दुसऱ्यावर. दोघांच्या अर्थिंगच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे एकीकडची वीज सिग्नलच्या केबलमधून दुसरीकडे वाट काढत होती. परसात आठ फूट खड्डा घेतला, तांब्याची पाटी, कोळसा आणि मीठ थरावर थर, वर पाणी घालायला पाइप. तिथून जाड तार थेट स्टुडिओत आणली आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेतली. साध्या केबली काढून सगळीकडे बॅलन्स्ड, म्हणजे वाटेत शिरलेली गुणगुण रद्द करणाऱ्या केबली घातल्या. अठरा हजार रुपये आणि चार दिवस. न्यूट्रल-अर्थिंग एक व्होल्टच्या खाली आलं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घालायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं आहे.

त्यानंतर मी आधीची सगळी कामं काढून पुन्हा ऐकली. ज्यांत गुणगुण कानाला लागत होती अशी अकरा निघाली. त्या अकरा जणांना फोन केला, काय झालं ते सांगितलं, साफ करून किंवा परत रेकॉर्ड करून दिलं. पैसे घेतले नाहीत. दोघं म्हणाले की आम्हाला तर काही ऐकू येत नव्हतं. मला येत होतं, आता.

एक चूक मात्र भरून काढता आली नाही. 2021 मध्ये एका शाहिरांचा तीन तासांचा पोवाड्यांचा साठा मी घेतला आणि दुसरी प्रत काढायच्या आधीच हार्ड डिस्क गेली. पुण्याला दुरुस्तीला पाठवली, काही निघालं नाही. शाहीर पुन्हा आले, पुन्हा गायले, पण पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर डफावर होते ते त्यांचे थोरले बंधू आजारी पडले होते, ते आले नाहीत. तेव्हापासून माणूस स्टुडिओतून बाहेर पडायच्या आत तीन प्रती होतात. दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक इंटरनेटवर. त्याशिवाय मी चहासुद्धा विचारत नाही.

पोट चालतं ते आता ऑडिओबुकांवर. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं अ‍ॅप 2017 मध्ये भारतात आलं, त्यानंतर मराठी पुस्तकं ऐकणारे वाढत गेले, आणि पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत मावेना तेव्हा काम आमच्यापर्यंत आलं. एक तास ऐकण्यासाठी अडीच-तीन तास वाचन आणि जवळपास तेवढंच एडिटिंग लागतं. माझ्याकडे वाचणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. पुस्तकातलं पात्र जतचं असेल तर त्या जतसारखंच बोलतात, शिराळ्याचं असेल तर शिराळ्यासारखं. तो हेल मी काढत नाही. वाचायला बसण्याआधी दुधाचा चहा नाही, कारण दुधानं तोंडात चिकटा येतो आणि प्रत्येक शब्दाला चटचट ऐकू येते. हिरव्या सफरचंदाची फोड खाल्ली की ती जाते. मे महिन्यात एसी बंद ठेवून वाचायचं म्हणजे पहाटे पाचला सुरू करून साडेआठला थांबायचं. महिन्याला हाती पस्तीस ते पन्नास हजार येतात, पावसाळ्यात त्याहून कमी. अंधेरीत शेवटी शेवटी मला यापेक्षा जास्त मिळत होते. पण तिथं अर्धे भाड्यात जायचे.

आणि तंबोरे येत राहिले. चाचांचं ऐकून गल्लीतली आणखी तीन घरं आली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरून विचारणा वाढली. आता परगावी जाणारं वाद्य पेटीत बंद होण्याआधी माझ्याकडे येतं. लावलेल्या पट्टीत पाच मिनिटं, मग प्रत्येक तार एकेकटी, मग गाणाऱ्याच्या कानाच्या जागेवरून पुन्हा पाच मिनिटं. वाद्य पोचल्यावर त्यांनी तिथं तीच फाइल लावून ताडून बघायची. प्रवासात जवारी बिघडली असेल तर लगेच कळतं. एका तंबोऱ्याचे मी चारशे रुपये घेते. चाचांकडून घेत नव्हते. ते म्हणाले, मी तंबोरा फुकट देतो का कुणाला? मग घ्यायला लागले.

हे काम रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस गेली की सुरू होतं. आधी मी एक मिनिट रिकाम्या खोलीचं घेते. त्या एका मिनिटात चाचाही बोलत नाहीत, तंबोरा मांडीवर आडवा ठेवून बसतात. मागच्या आठवड्यात कॅनडाला जाणाऱ्या तंबोऱ्याला बसलो होतो. मिनिट अर्धं झालं आणि त्यांनी बोट वर केलं, छताकडे. मी हेडफोन घट्ट दाबले. काही नाही. आवाज वाढवला. तरी काही नाही. मग हेडफोन काढून, नुसत्या कानानं, मान वर करून बसले, आणि ऐकू आलं. पुढच्या घरात, वरच्या मजल्यावर फ्रिज सुरू झाला होता. घरात जाऊन जिन्यानं वर गेले, फ्रिजचा प्लग काढला, खाली येऊन दोन्ही दारं लावली आणि मिनिट पहिल्यापासून घेतलं.